जुनी शिडाची बोट मोडीत काढताना : कॅलिफोर्नियातील नवख्या मालकांसाठी

फायबरची बोट कुजत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या बोटी साच्यातून काढून अमेरिकेत मोठ्या संख्येने विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण मानला जात होता. आज पन्नास वर्षांनी त्या निकालात काढताना हाच गुण आडवा येतो. माझ्या लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावर एखादी लाकडी होडी कामातून गेली की तिच्या फळ्या कोणाच्या तरी चुलीत जात, खिळे आणि पितळी सामान भंगारात जाई, आणि वाळूवर काही उरत नसे. फायबरची बोट सरपण होत नाही, भंगारवाला ती घेत नाही, आणि पाण्यात सोडून दिली तर ती बुडते, पण संपत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काहींनी गेल्या काही वर्षांत हौसेने जुन्या शिडाच्या बोटी घेतल्या. पंचवीस-तीस फुटी बोट काही शे डॉलरांत, कधी फुकटही मिळते. जुनी बोट स्वस्त का मिळते याचे उत्तर बहुतेकांना ती काढून टाकायची वेळ आल्यावरच कळते. एका स्नेह्यांची १९७०च्या दशकातली ‘कॅटलिना २७’ जातीची शिडाची बोट मोडीत काढताना मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर होतो. त्या अनुभवातून आणि नंतर इतरांना मदत करताना जे समजले, ते येथे क्रमाने मांडतो. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. इतर राज्यांत ते वेगळे असतात, पण कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. बोट तरंगते आहे तोवरच निर्णय घ्या. तरंगणारी बोट ओढून नेता येते. बुडालेल्या बोटीसाठी पाणबुडे, हवेच्या पिशव्या आणि क्रेनचा तराफा लागतो, पाण्यावर तेल पसरू नये म्हणून अडथळे टाकावे लागतात, आणि हा सगळा खर्च मालकाच्या माथी येतो. स्नेह्यांच्या बोटीत पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या शाफ्टभोवतीच्या पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी येत असे आणि तळातला पंप ते बाहेर टाकत असे. त्या पंपाची बॅटरी धक्क्यावरच्या विजेवर चार्ज होत होती. म्हणजे पावसाळी हिवाळ्यात एखाद्या रात्री धक्क्यावरची वीज गेली असती, तर ती बोट तरंगण्याचे कारणच संपले असते.

विकायची, द्यायची की मोडायची

प्रथम बोट खरोखरच संपली आहे का, हे ठरवावे. मरीन सर्व्हेयर, म्हणजे बोटींची तपासणी करणारा जाणकार, काही तासांत सांगू शकतो की डेकच्या थरांमधले लाकूड पाणी पिऊन मऊ झाले आहे का, डोलकाठीला धरणाऱ्या तारांची मुळे डेकखाली कुजली आहेत का, आणि कील, म्हणजे बोटीचा तोल सांभाळणारा तळाखालचा जड भाग, बोटीला नीट धरून आहे का. जुन्या कॅटलिना बोटींत कील आणि बोट यांच्या सांध्यावर पुढच्या बाजूला एक वाकडी भेग पडते. मालक मंडळी तिला ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. ही भेग दुरुस्त होते, परंतु दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीहून सहज जास्त होतो.

बोट चालण्याजोगी असेल तर ती धर्मादाय संस्थेला देता येते. मात्र येथे करसवलतीची आशा आवरती घ्यावी. दावा ५०० डॉलरांहून अधिक असेल आणि संस्थेने बोट वापरण्याऐवजी विकून टाकली, तर वजावट साधारणपणे विक्रीतून आलेल्या रकमेपुरतीच मिळते. शिवाय चांगल्या संस्था मरणपंथाला लागलेली बोट घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सर्वांत धोक्याचा मार्ग म्हणजे एका डॉलरला कोणालाही विकून मोकळे होणे. माझ्या स्नेह्यांनी आधी नेमके हेच केले होते. एक तरुण आला, त्याने रोख दिली, साध्या कागदावर सही केली आणि बोट घेऊन गेला. नाव बदलण्याचे काम त्याने करायचे असे ठरले होते. आठ महिन्यांनी बोट खाडीत बेवारस नांगरलेली सापडली आणि नोटीस स्नेह्यांच्या घरी आली. कॅलिफोर्नियाच्या बंदर आणि जलवाहतूक संहितेचे कलम ५२५ याबाबत स्पष्ट आहे. बेवारस सापडलेल्या बोटीच्या ज्या शेवटच्या नोंदणीकृत मालकाने हस्तांतरण कळवलेले नाही, त्यालाच प्रथमदर्शनी जबाबदार धरले जाते आणि हटवण्याचा व विल्हेवाटीचा खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. बोट बेवारस सोडण्याचा दंड १,००० ते ३,००० डॉलर आहे, आणि तो या खर्चाव्यतिरिक्त आहे. म्हणून बोट विकलीच, तर दायित्वमुक्तीची सूचना मोटार वाहन विभागाला पाच दिवसांच्या आत स्वतः पाठवावी. हे काम खरेदीदारावर सोपवू नये.

नावावर काय आहे ते पाहा

मोडीचे काम करणारा कोणताही प्रामाणिक माणूस पहिल्यांदा मालकीचा कागद मागतो. येथे बोटींची नोंदणी दोन ठिकाणी असू शकते. बहुतेक बोटी राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे नोंदलेल्या असतात. त्यांच्या बाजूंवर ‘सीएफ’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि ती नोंदणी प्रत्येक विषम वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपते. पाच नेट टन (हे वजन नव्हे, आतल्या जागेचे माप) किंवा त्याहून मोठ्या बोटी तटरक्षक दलाच्या केंद्रीय नोंदीतही असू शकतात. अशा बोटीच्या आतल्या भागावर कायमचा क्रमांक कोरलेला किंवा घट्ट बसवलेला असतो. पूर्वीच्या मालकाने अशी नोंद करून ठेवली असेल आणि पुढे कोणी ती रद्द केली नसेल, तर राज्याचा कागद हातात असूनही काम अडते. म्हणून आत शिरून, बॅटरीचा उजेड पाडून, तुळयांवर तो क्रमांक शोधावा.

त्याच वेळी बोटीवर कर्जाचा बोजा आहे का आणि मरीनाचे, म्हणजे बोटी लावण्याच्या धक्क्याचे, भाडे थकले आहे का, हेही पाहावे. थकबाकी असेल तर मरीना बोट हलवू देत नाही. मागच्या मालकाने कागद दिलाच नसेल, तर आधी त्याला शोधून सही घ्यावी किंवा विभागाकडे दुय्यम प्रतीची प्रक्रिया करावी. याला आठवडे लागू शकतात, म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करावे.

राज्याची बोट परत घेण्याची योजना

कॅलिफोर्नियात ‘व्हेसल टर्न-इन प्रोग्रॅम’ नावाची योजना आहे आणि नवख्या मालकाने खासगी कंत्राटदाराला फोन करण्याआधी तिची चौकशी करावी, असा माझा आग्रह आहे. राज्य उद्यान खात्याचा नौकाविहार विभाग ‘सेव्ह’ या अनुदानातून शेरीफ, शहर पोलीस, बंदर प्राधिकरण अशा स्थानिक सरकारी यंत्रणांना पैसे देतो आणि त्या यंत्रणा नको असलेल्या हौशी बोटी मालकांकडून विनामूल्य स्वीकारतात. व्यापारी बोटी यात येत नाहीत. मालकी स्वच्छ असावी लागते आणि मालकाने स्वतः अर्ज करावा लागतो. प्रत्येक यंत्रणेच्या अटी थोड्या वेगळ्या असतात. कोणी बोट ठरावीक धक्क्यापर्यंत आणून द्यायला सांगते, कोणी ती आधी रिकामी करून मागते. निधी मर्यादित असल्याने वाट पाहावी लागू शकते.

ही योजना दान नव्हे. बेवारस बोट उपसण्यापेक्षा ती तरंगत असताना स्वीकारणे सरकारला स्वस्त पडते, हा तिच्यामागचा साधा हिशोब आहे. सॉसालिटोजवळच्या रिचर्डसन बे या उथळ खाडीत हा हिशोब डोळ्यांना दिसतो. तिथे वर्षानुवर्षे नांगरलेल्या बोटींच्या साखळ्या भरती-ओहोटीबरोबर तळावर गोल फिरत राहिल्या आणि त्यांनी समुद्री गवताच्या कुरणात गोल टकले पाडली. त्या गवतात हेरिंग मासे अंडी घालतात.

कंत्राटदार निवडताना

योजनेत जागा नसेल किंवा घाई असेल, तर व्यावसायिक कंत्राटदार गाठावा लागतो. दर बहुधा बोटीच्या लांबीवर, फुटाच्या हिशोबाने सांगितला जातो, परंतु खरा खर्च वजन, कीलचा प्रकार, डोलकाठी उभी आहे की उतरवलेली आणि बोट पाण्यात आहे की ट्रेलरवर, यांवर ठरतो. म्हणून फोनवर सांगितलेला आकडा मानू नये. बोट पाहूनच लेखी अंदाजपत्रक घ्यावे, आणि त्यात ओढून नेणे, क्रेन, वाहतूक, कचराभूमीचे शुल्क आणि घातक पदार्थांची विल्हेवाट या बाबी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात.

विमा विचारावा, त्यातही प्रदूषणाचे दायित्व समाविष्ट आहे का, हे वेगळे विचारावे, कारण ओढताना बोट बुडाली आणि डिझेल सांडले तर साधा विमा पुरत नाही. बोट नेमकी कोणत्या यार्डात मोडली जाईल आणि अवशेष कोणत्या कचराभूमीत जातील, हेही विचारावे. या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर न देणाऱ्याकडे काम देऊ नये. सगळे पैसे आधी मागणाऱ्यालाही देऊ नये. शेवटचा हप्ता कचराभूमीच्या वजनकाट्याची पावती आणि मोडलेल्या बोटीची छायाचित्रे मिळाल्यावरच द्यायचा, असे करारात लिहावे. ही अट कठोर वाटेल, पण जो खरोखर बोट मोडतो त्याला ती अजिबात जड जात नाही. जो बोट गुपचूप दुसऱ्याला विकणार असतो, तो मात्र या अटीवर अडतो.

बोट रिकामी करणे

हे काम मालकाने स्वतः केले तर पैसे वाचतात, आणि मला वाटते ते मालकानेच करावे, कारण बोटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात काय ठेवले आहे ते त्यालाच माहीत असते. इंधनाच्या टाक्या, इंजिन तेल, शीतक द्रव, स्वयंपाकाचा प्रोपेन सिलिंडर, बॅटऱ्या, रंगांचे डबे, थिनर हे सारे बाहेर काढावे. सांडपाण्याची टाकी मरीनाच्या पंपाने उपसून घ्यावी. तळातल्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर ते पाणी पंपाने खाडीत टाकू नये. तेल शोषणाऱ्या गाद्या टाकून तवंग टिपावा आणि त्या गाद्याही घातक कचऱ्यात द्याव्यात. घरगुती घातक कचऱ्याचे जिल्हा केंद्र हे सारे सहसा विनामूल्य घेते, परंतु सामान्य नागरिकाला एका खेपेत १५ गॅलन द्रव किंवा १२५ पौंडांहून जास्त माल गाडीतून नेता येत नाही, म्हणून दोन-तीन खेपांची तयारी ठेवावी.

कॅलिफोर्नियात सर्वांत अवघड जाते ते संकटसूचक फटाक्यांचे, म्हणजे फ्लेअर्सचे. उत्पादनानंतर ४२ महिन्यांनी त्यांची मुदत संपते, त्यामुळे जुन्या बोटीत मुदत उलटलेल्या फ्लेअर्सचा डबा हमखास निघतो आणि अनेक जिल्हा केंद्रे तो घेत नाहीत. तो कचऱ्याच्या डब्यात टाकणे बेकायदा आहे, आणि कंत्राटदाराच्या यंत्राखाली तो चिरडला गेला तर आग लागते. काही ठिकाणी फ्लेअर्स गोळा करण्याचे खास दिवस ठेवलेले असतात. आपल्या जिल्ह्यात ते कधी आहेत हे विचारून तोवर डबा कोरड्या, थंड जागी वेगळा ठेवावा.

आणखी एक वस्तू बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झचे आपत्कालीन रेडिओ बीकन, म्हणजे ईपर्ब. ते तसेच बोटीत राहिले, चिरडताना किंवा पाणी लागून चालू झाले, तर उपग्रहांमार्फत संकेत जातो आणि बचाव पथक कचराभूमीच्या दिशेने शोध घेऊ लागते. बॅटरी वेगळी काढून बीकन निकामी करावे आणि नोआ या अमेरिकेच्या सागर आणि हवामानविषयक सरकारी संस्थेकडील त्याची नोंदणी रद्द करावी.

विकण्यासारखे सामानही असतेच. शिडांचे दोर ओढायचे विंच, नांगर, साखळी, काशाचे झडप-नळ, होकायंत्र, चांगल्या स्थितीतले आउटबोर्ड इंजिन यांना मागणी असते. शिडे फाटकी असली तरी मेन राज्यातल्या पोर्टलंडची ‘सी बॅग्ज’ ही कंपनी जुन्या शिडांच्या पिशव्या शिवते. स्नेह्यांचे मुख्य शीड तिथे गेले, आणि त्यांच्या पत्नीला बोटीपेक्षा या गोष्टीचे जास्त समाधान वाटले.

डोलकाठी, कील आणि रस्ता

डोलकाठी क्रेनने उतरवली जाते. तारांचे ताण सैल करण्यापूर्वी क्रेनचा दोर डोलकाठीला बांधलेला असावा. हा क्रम चुकला तर माणूस जखमी होतो, म्हणून हे काम हौशी हातांनी करू नये. डोलकाठी ॲल्युमिनियमची आणि तारा स्टेनलेस पोलादाच्या असतात. दोन्ही भंगारात जातात आणि त्यांचे पैसे हिशोबात दिसले पाहिजेत.

बोटीतील खरी किंमत कीलमध्ये असते. ‘कॅटलिना २७’च्या साधारण ६,८५० पौंड वजनापैकी २,७०० पौंड, म्हणजे सव्वाबाराशे किलोंच्या आसपास, कीलमधले शिसे असते. ‘कॅटलिना ३०’मध्ये हा आकडा ४,२०० पौंड आहे. शिशाला बाजारभाव आहे आणि ते पुन्हा वितळवले जाते, म्हणून शिसे कोणाचे, कंत्राटदाराचे की मालकाचे, हे अंदाजपत्रकात आधीच लिहून घ्यावे. मात्र सगळ्या कील शिशाच्या नसतात. काही ओतीव लोखंडाच्या असतात, तर काही बोटींत फायबरच्या पोकळीत सिमेंट आणि लोखंडाचे तुकडे भरलेले असतात. त्यांना किंमत तर नाहीच, उलट फोडायला जास्त वेळ लागतो.

रस्त्याचा प्रश्न इंचांचा असतो. विशेष परवान्याशिवाय ८ फूट ६ इंच रुंदीपर्यंतच माल नेता येतो. ‘कॅटलिना २७’ची रुंदी ८ फूट १० इंच आहे. त्या चार इंचांसाठी परवाना काढावा लागतो आणि वाहतुकीचे वेळापत्रक त्यावर ठरते. म्हणूनच अनेक कंत्राटदार बोट पाण्यातून ओढून किनाऱ्यालगतच्या यार्डात नेणे आणि तिथेच मोडणे पसंत करतात.

यार्डातला दिवस

मालकाने हा दिवस पाहावा, असे मी सुचवेन. स्नेह्यांची बोट ट्रॅव्हल लिफ्टच्या, म्हणजे बोटी उचलणाऱ्या चाकांवरच्या क्रेनच्या, दोन रुंद पट्ट्यांवर टांगून वर आली, तेव्हा तिच्या तळाला हातभर शेवाळ आणि शिंपले होते. तळाच्या रंगात तांबे असते. अगदी जुन्या थरांत कथिलयुक्त विषही असू शकते, ज्याच्यावर लहान बोटींसाठी १९८८च्या कायद्याने बंदी आली. म्हणून धुतलेले पाणी आणि खरवडलेला रंग गोळा करून वेगळा ठेवावा लागतो, ते पाणी खाडीत जाता कामा नये.

कील आधी लाकडी ठोकळ्यांवर टेकवली. आतून बोल्टांचे नट गंजून एकजीव झाले होते, ते कापावे लागले. सगळे बोल्ट सुटल्यावरही बोट जागची हलली नाही, कारण पन्नास वर्षांपूर्वीचे चिकट द्रव्य अजून सांधा धरून होते. कामगाराने सांध्यात पोलादी पाचरी ठोकल्या, एक-एक करून, पुढून मागे. मग एक लांब चरचर आवाज आला, पट्ट्यांवरची बोट दोन बोटे वर उचलली गेली आणि कील ठोकळ्यांवर एकटी उभी राहिली. स्नेही काही बोलले नाहीत. त्यांनी पुढे होऊन त्या शिशाच्या ताज्या, चकचकीत कडेवर हात ठेवला.

पुढचे काम झपाट्याने झाले. एक्स्कॅव्हेटरच्या पंज्याने डेक आत दाबला, बाजू फोडल्या आणि तुकडे मोठ्या कंटेनरमध्ये भरले. फायबर फुटताना काचेची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसांना आणि डोळ्यांना घातक असते, म्हणून पाण्याचा फवारा सतत चालू असावा आणि कामगारांच्या तोंडावर योग्य मुखवटे असावेत. फवारा नाही आणि मुखवटेही नाहीत असे दिसले, तर काम थांबवायला सांगण्यात संकोच करू नये.

हे तुकडे शेवटी कचराभूमीत जातात, आणि मला यात समाधान नाही. दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. फायबरचा भुगा सिमेंटच्या भट्टीत टाकला तर रेझिन इंधन म्हणून जळते आणि काचेतील सिलिका सिमेंटच्या कच्च्या मालात मिसळते. रोड आयलंड राज्यात जुन्या बोटींवर हा प्रयोग झाला आहे. फ्रान्समध्ये २०१९पासून ‘एपेर’ ही संस्था नव्या बोटींवरच्या शुल्कातून जुन्या हौशी बोटी मोफत मोडते. मालकाला फक्त वाहतुकीचा खर्च करावा लागतो. बोट विकली जातानाच तिच्या शेवटाचे पैसे बाजूला काढण्याची ही पद्धत मला न्याय्य वाटते, कारण आज तो भार शेवटच्या मालकावर पडतो, आणि शेवटचा मालक बहुधा सर्वांत कमी पैशांचा असतो.

नाव कमी होईपर्यंत

बोट मोडली गेली तरी कागदोपत्री ती तुमची असते. वजनाची पावती आणि छायाचित्रे घेऊन मोटार वाहन विभागाला बोट नष्ट झाल्याचे लेखी कळवावे. केंद्रीय नोंद असेल तर वेस्ट व्हर्जिनियातील फॉलिंग वॉटर्स येथील राष्ट्रीय जहाज नोंदणी केंद्राकडे ती वगळण्याचा अर्ज द्यावा. विमा आणि मरीनाची जागा रद्द करावी. जागेसाठी बहुधा एक महिन्याची सूचना लागते. कॅलिफोर्नियातील जिल्हे बोटींवर मालमत्ता कर लावतात आणि त्यासाठी १ जानेवारीची स्थिती धरतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये मोडलेल्या बोटीवर पुढच्या वर्षाचा कर येत नाही, तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोडलेल्या बोटीवर तो पूर्ण वर्षाचा येतो. जिल्हा मूल्यांकन कार्यालयालाही वेगळे कळवावे लागते. मोटार वाहन विभाग ते आपोआप करील असे धरून चालू नये.

स्नेह्यांनी हे सर्व कागद एका जुन्या फाइलमध्ये ठेवले आहेत. त्यांची बोट १९ डिसेंबरला मोडली गेली, आणि फेब्रुवारीत विभागाचे उत्तर आले, तेव्हा त्यांनी ते वजनाच्या पावतीला टाचून त्याच फाइलमध्ये लावले.